बुळबुळीचे बिऱ्हाड

आमच्या जाफराबादच्या घरात माजघराच्या कोपऱ्यात एक रांजण होता. निम्मा जमिनीत पुरलेला, निम्मा वर. तोंड एवढे रुंद की दहा-अकरा वर्षांचे पोर सहज आत उतरावे. दर अमावास्येच्या आदल्या दिवशी आजी त्यातले उरलेसुरले पाणी म्हशीला पाजी आणि अक्काला हाक मारी. अक्का परकर खोचून आत उतरायची. एका हातात काथ्या, दुसऱ्या हातात राखेची वाटी. मग बराच वेळ रांजणातून नुसता घासण्याचा आवाज येई आणि मधूनच तिचे घुमणारे शब्द, "झालं गं माय, निघू का आता?" आजी वरून हात घालून आतल्या अंगाने बोट फिरवायची. बोट सरकले की म्हणायची, "बुळबुळ हाय अजून. घास." बोट अडखळले, मातीचा खरखरीतपणा बोटाला लागला, की अक्काची सुटका. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन, साल १९६४-६५. काठाशी टाचा उंचावून मी आत डोकवायचो. आत काळोख, आणि त्या काळोखात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली अक्का.

त्यांतल्या उजव्या गुडघ्याची ही हकीकत आहे. आणि त्या बुळबुळीचीही.

जाफराबाद केळना आणि पूर्णा यांच्या संगमावर वसले आहे. पूर्णा म्हटले की वऱ्हाडातल्या वाचकांना त्यांची तापीला मिळणारी पूर्णा आठवेल, आमची वेगळी. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि गोदावरीला मिळते. गाव जुने, मोगलाईतल्या जाफरखानाचे नाव मिरवणारे. माझ्या लहानपणी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि आम्ही जालन्याचे झालो. पाणी नदीचे, नाहीतर आडाचे. पात्रातल्या खडकांवरून जाताना मोठी माणसे हटकून बजावत, ओल्या दगडावर पाय जपून टाका. त्या दगडांवर हिरवी बुळबुळ असे, तिला आम्ही शेवाळ म्हणत असू. पण जिथे हिरवे काहीच नाही अशा ठिकाणीही ती असायचीच: माठाच्या तळाशी, मोरीच्या दगडाला, गुरांच्या हाळाच्या कडेला. घाण म्हणायची आणि घासून काढायची, एवढाच तिचा आणि आमचा संबंध. ती जिवंत आहे, आणि नुसती जिवंत नाही तर तिचे एक नांदते बिऱ्हाड आहे, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली.

अक्काच्या उजव्या गुडघ्याची वाटी २०२२ च्या जानेवारीत बदलली. 'वाटी बदलली' म्हणतो आपण. प्रत्यक्षात सांध्याच्या दोन्ही हाडांच्या टोकांवर धातूची टोपणे बसवतात आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती. शहरातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली. दोन महिन्यांत अक्का जिना चढायला लागली. पोळ्याच्या आधी तिने शेतात चक्कर मारली आणि टाचेच्या भेगेत काहीतरी रुतवून आली. टाच पिकली, आठ दिवसांत बरी झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऑगस्टच्या अखेरीला, गुडघा सुजला. अंगात कणकण, सांध्याभोवतीची कातडी गरम. टाचेचा आणि गुडघ्याचा संबंध आम्हा कोणालाही सुचला नाही. मीच मेडिकलमधून गोळ्या आणल्या. बँकेतून निवृत्त झालेला माणूस घरात असला की तो आपोआप सगळ्या विषयांचा अधिकारी होतो.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी अक्का ओसरीत चालत होती. गोळ्या संपल्या, आणि दहाव्या दिवशी सूज परत. मग मात्र शहरात गेलो. डॉक्टरांनी सुईने सांध्यातले पाणी काढून तपासायला पाठवले. अहवाल आला: काही वाढले नाही. डॉक्टर तरुण होते, सौम्यपणे म्हणाले, "काका, आजींनी आधीच गोळ्या घेतल्यात, म्हणून अहवाल कोरा आलाय. कोरा आला म्हणजे आत काही नाही असं धरू नका. लवकर उघडून धुतलं तर वाटी वाचेल." मी ऐकले नाही. गोळ्यांनी बरे वाटते आहे, मग पुन्हा कापाकापी कशाला, असा माझा हिशेब. आणखी जोरकस औषध द्या, म्हणालो. कागदावर तशी सही केली. सही करण्याचा सराव मला चाळीस वर्षांचा.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर असे गेले. औषध सुरू की ताप खाली, औषध बंद की सूज वर. ग्रामीण शाखेत काम केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटायला हवे होते. मार्चअखेर आली की शेतकरी कुठून तरी हातउसने आणून पीककर्ज भरतो आणि एप्रिलात तेच कर्ज पुन्हा उचलतो. आम्ही त्याला 'नवं-जुनं करणं' म्हणतो. कागदावर खाते नियमित, शाखेची थकबाकी कमी, वरचे साहेब खूश. कर्ज जिथल्या तिथे. मी शेकडो खाती नवी-जुनी केली. स्वतःच्या बहिणीच्या गुडघ्याचे तेच चालले आहे हे मला दिसले नाही.

डिसेंबरात डॉक्टरांनी मला बाजूला न घेता अक्कासमोरच सांगितले, "आजी, गोळीनं रक्तातले जंतू मरतात. धातूवर बसलेले मरत नाहीत. त्यांचा तिथं थर बसलाय." अक्काने जरा विचार केला आणि विचारले, "म्हंजी बुळबुळ?" डॉक्टर हसले, म्हणाले, हो, तसेच काहीसे. "मंग घासल्याबिगर कशी निघल?" अक्का माझ्याकडे बघून म्हणाली.

या बुळबुळीला शास्त्रात बायोफिल्म म्हणतात. मराठीत जैवपटल असा शब्द करता येईल, पण पटल म्हटले की काहीतरी सपाट, पातळ डोळ्यांपुढे येते आणि ही वस्तू तशी नाही. हे मला दाखवले अक्काच्या नातीने. ती जालन्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. आजीच्या गुडघ्याने तिचे अभ्यासातले प्रकरण घरात आणून ठेवले होते. त्याच हिवाळ्यात तिने एक सोपा प्रयोग केला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तशा काचेच्या पट्ट्या सुतळीला बांधून तिने संगमाजवळच्या डोहात सोडल्या. ही युक्ती तिची नव्हे. आर्थर हेन्रिसी नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३३ साली तळ्यातल्या जिवाणूंवर लिहिताना अशाच बुडवलेल्या काचा वापरल्या होत्या. एक पट्टी तिने चार तासांनी काढली, एक दुसऱ्या दिवशी, एक तिसऱ्या आणि एक आठव्या. हलकेच धुऊन, जांभळ्या रंगात बुडवून, तिने त्या मला ओळीने दाखवल्या. डोळा लावायला मला चष्मा काढावा लागला आणि मग दोन्ही वेळा काही दिसेना. पण शेवटी जमले.

चार तासांच्या पट्टीवर इकडे एक ठिपका, तिकडे एक काडी. मला तर ती धूळच वाटली. नातीने सांगितले, काच पाण्यात पडताच आधी पाण्यात विरघळलेले सेंद्रिय कण तिच्यावर चढतात, अगदी मिनिटांत. आणि मग या लेपावर भटके जिवाणू टेकतात. हे टेकणे अजून कच्चे असते. बरेच जण सुटून पुन्हा वाहत जातात. भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसासारखे, आत येतात, भिंतीला हात लावून बघतात, निघून जातात. जे राहतात ते चिकट द्रव सोडू लागतात आणि तिथून परतीची वाट बंद होते.

दुसऱ्या दिवशीच्या पट्टीवर ठिपक्यांच्या जोड्या झाल्या होत्या, चौकड्या झाल्या होत्या. जिवाणू वाढतो म्हणजे एकाचे दोन होतात, दोनाचे चार. सगळे मनासारखे असेल तर ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. चक्रवाढ व्याजाची कोष्टके ज्याने जन्मभर वापरली त्याला हे गणित करायचा मोह होणारच. मी कागद घेतला: आठ तासांत चोवीस दुपटी, म्हणजे एकाचे एक कोटी सदुसष्ट लाखांवर. नातीने माझा कागद बाजूला सारला. असे प्रयोगशाळेतल्या चंबूत होते, तेही थोडाच वेळ, म्हणाली. नदीत पोटभर अन्न कोणाला मिळते? खरे जिवाणू बहुतेक वेळ अर्धपोटी, सावकाश जगतात. म्हणूनच तर ते एका जागी बसतात. वाहत्या पाण्यात अन्न त्यांच्या दारावरून जाते. वाहून जाणाऱ्याला ते मिळत नाही, बसलेल्याला मिळते.

तिसऱ्या पट्टीवर गठ्ठे होते, आणि गठ्ठ्यांभोवती धूसर जांभळी झाक. ती झाक म्हणजे त्यांनी स्वतः विणलेले आवरण: साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिने, मेलेल्या भाऊबंदांचे सांडलेले डीएनए. थरात बहुतांश पाणीच असते. पाणी वगळून वजन केले तर जिवाणूंचा वाटा सहसा दहा टक्क्यांहूनही कमी भरतो, बाकी सगळे बांधकाम. आठव्या पट्टीला सूक्ष्मदर्शकाचीही गरज नव्हती. बोट फिरवले तर बोट सरकले. त्या क्षणी मला आजीचा रांजणात गेलेला हात आठवला, हे वेगळे सांगायला नको.

या बांधकामाची खरी रचना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसली. लेसर किरणांनी जिवंत थराचे आडवे छेद बघता येतील असे सूक्ष्मदर्शक तोवर हाती आले होते. तोपर्यंत समज अशी की हा एक एकसारखा लगदा असावा. दिसले ते वेगळेच. उंचवटे, छत्र्यांसारखे मनोरे, आणि त्यांच्यामधून पाणी खेळवणारे पाट. वरच्या मजल्यावर प्राणवायू आणि अन्न भरपूर, तळघरात दोन्हींची टंचाई. त्यामुळे वरचे जिवाणू हालचालीचे, वाढणारे. तळाचे सुस्त, जवळजवळ झोपलेले. एकाच वस्तीत राहूनही सगळ्यांचे जगणे सारखे नाही. आपल्या गावांपेक्षा हे फार निराळे नाही.

मला सर्वांत गंमत वाटली ती त्यांच्या सभेची. जिवाणू आपल्या आसपास किती जण आहेत याचा अंदाज घेतात. प्रत्येक जण एक रासायनिक खूण पाण्यात सोडत असतो. खूण दाट झाली की गर्दी जमली असे समजून सगळे मिळून आपला कारभार बदलतात. समुद्रातला एक जिवाणू एकटा असताना काळोखात असतो, आणि हवाई बेटांजवळच्या एका छोट्या माखलीच्या अंगातल्या पिशवीत त्याची दाटी झाली की सगळे एकदम प्रकाशू लागतात. अशा दिपणाऱ्या जिवाणूंवरचे मूळ काम १९७० चे. पुढे १९९४ मध्ये या प्रकाराला जे इंग्रजी नाव मिळाले त्यात चक्क 'कोरम' हा शब्द आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांना हजेरी लावलेल्यांना कोरम म्हणजे काय ते ठाऊकच आहे: संख्या भरली नाही की सभा अर्धा तास तहकूब, आणि मग त्याच जागी तीच सभा कोरमशिवाय. जिवाणूंनी अजून ही पळवाट काढलेली नाही. संख्या भरल्याशिवाय त्यांचे ठराव होत नाहीत. काहींच्यात कोरम भरला की बांधकाम जोरात सुरू होते. पटकीच्या जंतूचे उलट. फार गर्दी झाली की तो बिऱ्हाड मोडून बाहेर पडायला लागतो.

मला प्रश्न पडला तो असा: आजीला बोटाने कळत होते ते वैद्यकाला एवढे उशिरा का कळावे? खरे म्हणजे पहिल्याच माणसाला कळले होते. हॉलंडच्या डेल्फ्ट गावातला कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६८३ च्या सुमारास स्वतःच्या दातांवरचे किटण खरवडून आपल्या भिंगाखाली ठेवले आणि त्यातले वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. पुढे त्याने असेही नोंदवले की व्हिनेगरने चूळ भरली तर किटणाच्या बाहेरचे जीव मरतात, आतले मरत नाहीत. अक्काच्या गुडघ्याचे निदान जवळजवळ साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले होते म्हणायचे.

पण मग आले रॉबर्ट कॉख. त्यांचे मोठेपण वादातीत आहे. १८८२ साली त्यांनी क्षयाचा जंतू दाखवला. १८८४ च्या सुरुवातीला कलकत्त्यात बसून पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा काढला. त्यांची रीत अशी की रोग्याच्या शरीरातल्या गर्दीतून एकच जात निवडायची, तिचे शुद्ध वाण करायचे आणि पौष्टिक खाद्यावर वाढवायचे. या रीतीने रोगांमागून रोगांचे जंतू सापडले, लसी झाल्या, औषधे झाली. पण सगळे जग जिवाणूकडे चंबूत पोहणारा सुटा, खाऊनपिऊन सुखी प्राणी म्हणून बघायला शिकले. औषधांच्या चाचण्याही अशाच सुट्या जिवाणूंवर झाल्या आणि आजही नेहमीच्या तपासणीत बहुधा तशाच होतात. सागरी जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या क्लॉड झोबेल यांनी १९४३ मध्ये, पाण्यापेक्षा बाटलीच्या काचेवर जिवाणूंची लगबग अधिक असते हे दाखवले. ते समुद्रवाल्यांचे म्हणून बाजूला राहिले. १९७८ साली कॅनडातल्या बिल कॉस्टरटन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर 'जिवाणू कसे चिकटतात' यावर लेख लिहिला, तेव्हा कुठे दवाखान्यांचे लक्ष गेले. तोवर माणसाच्या अंगात नळ्या, झडपा, कृत्रिम सांधे जायला लागले होते. जिवाणूंना बसायला नवी ओसरी मिळाली होती.

थरातल्या जिवाणूंवर औषध चालत नाही याची कारणे एकाहून जास्त आहेत. काही औषधे त्या चिकट आवरणातच अडकतात. बरीचशी औषधे वाढणाऱ्या जिवाणूवर घाव घालतात आणि तळाचे तर वाढतच नसतात. शिवाय प्रत्येक वस्तीत काही थोडे जण गाढ झोपेत असतात. १९४४ मध्ये डब्लिनच्या जोसेफ बिगर यांना दिसले की पेनिसिलीन घालूनही दहा लाखांत एखादा जंतू उरतो, आणि त्याची पिल्ले पुन्हा पेनिसिलीनला मरतात. म्हणजे तो औषधाला निर्ढावलेला नव्हता, झोपला होता. बँकेत वर्षानुवर्षे उलाढाल नसलेली खाती असतात, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. आणि एक दिवस खातेदार पासबुक घेऊन दारात उभा राहतो. अक्काच्या गोळ्या संपल्या की दहाव्या दिवशी तेच व्हायचे.

एवढे ऐकून मी नातीला म्हणालो, मग ही जात मुळासकट नाहीशी का करत नाहीत? ती म्हणाली, "आजोबा, सगळीच बुळबुळ वाईट नसते." आणि तिने मला १८९२ च्या हॅम्बुर्गची गोष्ट वाचायला लावली. ती मला रोगापेक्षाही महत्त्वाची वाटते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

एल्बे नदीच्या काठी हॅम्बुर्ग आणि अल्टोना ही दोन शहरे एकमेकांना खेटून होती, इतकी की मधली हद्द काही ठिकाणी रस्त्यातून जाई. हॅम्बुर्ग श्रीमंत, पण ते नदीचे पाणी न गाळता घरोघर पोचवत होते. अल्टोना खालच्या अंगाला. हॅम्बुर्गची सगळी घाण वाहून आल्यावरचे पाणी त्याच्या वाट्याला. पण अल्टोनाकडे वाळूच्या मंद गाळण्या होत्या. ऑगस्टमध्ये पटकी आली. हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसे मेली. अल्टोना जवळजवळ वाचले. हद्दीवरच्या एका वस्तीला हॅम्बुर्गमध्ये असूनही अल्टोनाचे पाणी मिळत होते, तीही वाचली. हे तपासायला गेले ते कॉखच. पाण्यातून पटकी येते यावर शंका घेणाऱ्या मोठमोठ्या पंडितांची तोंडे त्यानंतर बरीचशी बंद झाली.

ही मंद गाळणी म्हणजे एक मोठा हौद, त्यात बारीक वाळू, आणि पाणी तासाला दहा-वीस सेंटिमीटर एवढ्याच वेगाने खाली झिरपते. पण नवी, स्वच्छ वाळू फारसे काही करत नाही. काही दिवस, कधी काही आठवडे पाणी सोडत राहावे लागते. वाळूच्या पृष्ठभागावर चिकट, तपकिरी साय धरते. जिवाणू, शेवाळ, त्यांना खाणारे एकपेशीय जीव यांची ती वस्ती असते. पाण्यातले रोगजंतू या सायीत अडकतात, खाल्ले जातात, उपाशी मरतात. गाळते ती साय. वाळू तिला नुसती जागा देते. साय फार जाड होऊन पाणी तुंबले की वरची दोन बोटे वाळू खरवडायची आणि पुन्हा साय धरण्याची वाट बघायची. नागपूरच्या नीरी या संस्थेने १९७० नंतरच्या काळात खेड्यांसाठी अशाच गाळण्यांचे प्रात्यक्षिक प्रकल्प उभे केले. त्यांतला एक नागपूर जिल्ह्यातल्या बोरुजवाड्याला होता. वीज नको, रसायन नको, देखरेखीला गावातलाच माणूस. माझ्या नोकरीच्या काळात आम्ही विहिरींना, मोटारींना, पाइपलाइनींना ढिगाने कर्जे दिली. वाळूच्या गाळणीचा एकही प्रस्ताव माझ्या टेबलावर आल्याचे आठवत नाही. कर्ज देण्याजोगे तिच्यात काही नसावे.

आमच्या भागात पटकीची आठवण मरीआईच्या रूपाने उरली आहे. गावाबाहेर तिचे ठाणे असते. साथ आली की तिचा गाडा शिवेपार नेत. माझ्या आजीच्या माहेरची दोन माणसे एका दिवसात गेली होती. तेव्हापासून असेल, आजी हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याची चौपदरी घडी धरल्याशिवाय पाणी ओतत नसे. सून नवे, पांढरेशुभ्र फडके घेऊन आली की ती ते परत पाठवी, जुनेच हवे. हा तिचा हट्ट वाटायचा. पुढे रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात हेच करून पाहिले. निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्यांमधून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी जवळजवळ निम्म्याने घटली. आता, पटकीचा सुटा जंतू साडीतून बिनदिक्कत पार होईल, एवढा तो बारीक. पण तो सुटा क्वचितच असतो. पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी जीवांच्या अंगावर तो थर करून बसतो आणि ते जीव साडीत अडकतात. आणि जुनी साडी अशासाठी की धुऊन धुऊन तिच्या धाग्यांना तूस फुटते, मधली भोके बारीक होतात.

तर डिसेंबर २०२२. अक्काची धातूची वाटी काढावी लागली. डॉक्टरांनी ऊती कापून, खरवडून, धुऊन साफ केल्या आणि मोकळ्या जागेत औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवला. काढलेली वाटी बंद डब्यात घालून मोठ्या प्रयोगशाळेत गेली. तिथे ती पाण्यात ठेवून ध्वनिलहरींनी थरथरवतात. सराफाच्या दुकानात दागिने धुवायचे यंत्र असते, तसाच प्रकार. थर सुटतो आणि ते पाणी तपासतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ही रीत नेहमीच्या तपासणीपेक्षा सरस ठरते असे २००७ मध्ये दाखवले होते. तीन महिने कोरे अहवाल देणाऱ्या त्या गुडघ्याच्या वाटीवरून स्टॅफिलोकॉकस ऑरियस भरभरून उगवला. कातडीवरच्या गळवांत, पिकलेल्या टाचांत सापडणारा.

सहा आठवडे शिरेतून औषध, मग प्रतीक्षा, मग फेब्रुवारीच्या अखेरीस नवी वाटी. मी एकदा डॉक्टरांना गाठून विचारले, सप्टेंबरात तुम्ही म्हणालात तेव्हाच उघडले असते तर? ते खिडकीबाहेर बघत राहिले. "थर कोवळा असतो तेव्हा, म्हणजे पहिल्या तीन-चार आठवड्यांत, नुसतं धुऊन आणि मधली चकती बदलून बऱ्याच वेळा भागतं, काका. बऱ्याच वेळा. नेहमीच नाही." ती शेवटची दोन वाक्ये त्यांनी माझ्यासाठी जोडली हे मला कळले.

अक्काचा गुडघा आता साठ-सत्तर अंशांपलीकडे वाकत नाही. ती मांडी घालून बसू शकत नाही, देवघरापुढे खुर्ची टाकून बसते. वॉकर घेऊन अंगणात येते. मला तिने कधीच काही म्हटले नाही. एकदा फक्त, मी औषधांचे कागद लावत होतो, तेव्हा म्हणाली, "बापू, तुला आजीनं एकदाही रांजणात उतरवलं नव्हतं, नाही का?"

रांजण केव्हाच फुटला. गच्चीवर काळी प्लॅस्टिकची टाकी आहे. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त तिच्यावर. गेल्या उन्हाळ्यात तिच्यातल्या पाण्याला वास यायला लागला. भाच्याने वरून टीसीएल पावडर टाकली. दोन दिवस वास गेला, तिसऱ्या दिवशी परत. त्याने दुप्पट टाकली. अक्का खाली अंगणात खुर्चीवर बसून हे सगळे ऐकत होती. शेवटी तिने शेजारच्या मुलाला बोलावले, दहाएक वर्षांचा, किडकिडीत. टाकी रिकामी केली, झाकण उघडे ठेवून वारा खेळू दिला आणि पावडरीचा वास पुरता गेल्यावर त्याला आत उतरवले. हातात काथ्या आता कुठला, नायलॉनचा ब्रश. मी जिन्यावर उभा होतो, वरचे खाली आणि खालचे वर सांगायला.

बऱ्याच वेळाने आतून घुमणारा आवाज आला, "आजी, झालं!"

"बापू," अक्का खालून म्हणाली, "जाऊन बोट फिरव जरा. तळाच्या कडंला फिरव."